उन्हात चुकणारा ठोका

आज ऊन असं होतं की सकाळी दहालाच दुकानासमोरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. झाडाचं पान हलत नव्हतं. डोक्यावरचा पंखा तेवढा फिरत होता, तोही वरची गरम हवा खाली ढकलायला. सोलापुरात अशा दिवशी गिऱ्हाईक आधी राग काउंटरवर ठेवतं आणि मग फोन ठेवतं.

माझ्या टेबलावर बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. दुरुस्तीतून उरलेले स्क्रू मी त्यात टाकतो. कधी टाकले, कशातले टाकले, काही आठवत नाही. पण डबा बघावा तेव्हा भरलेलाच. किस्स्यांचं तसंच होतं. त्यातून मोबाईलच्या नकाशाचे किस्से म्हणाल तर विचारू नका. स्क्रीन फुटलेला माणूस गुपचूप येतो, कारण फोन त्यानं स्वतःच पाडलेला असतो. नकाशा चुकलेला माणूस भांडायलाच येतो. त्याला वाटतं, आपण बरोबर जागी आहोत आणि बाकी सगळं जग चुकलंय.

दुकान माझ्या मुलीचं, गिरिजाचं. आधी तिथं माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आता आठवड्याला दोन घड्याळं आली तरी पुष्कळ, म्हणून कोपऱ्यात एक टेबल माझं आणि बाकीचं दुकान तिचं. शिवाय रफिकभाई आहेत. गरम हवेच्या मशीननं फोनच्या आतल्या सर्किटच्या पाटीवरचे बारीक भाग काढणं आणि बसवणं त्यांचं काम. तांदळाच्या कणीएवढे भाग असतात ते. भंगार पाट्यांतून नेमका भाग शोधायचा झाला की दोघं माझ्याकडं बघतात. घड्याळजीची भिंग डोळ्याला लावायची सवय अजून गेलेली नाही.

*

माझी शाळा दुसरीपर्यंत. गिरिजानं मात्र डिप्लोमा केलाय. एकदा मी तिला विचारलं, ‘बाई गं, उपग्रह तिकडं वर, फोन इकडं खिशात. ह्यांचं जमतं कसं?’

ती म्हणाली, ‘फ्रीक्वेन्सी सिंथेसिस, आप्पा.’

मी म्हटलं, ‘बरं.’ दुसरं काय म्हणणार?

मग तिला माझी दया आली. म्हणाली, फोनमध्ये एक बारीकसा स्फटिक असतो. तो सेकंदाला कोट्यवधी ठोके देतो. उपग्रहाचे ठोके त्याहून कितीतरी भरभर. तर ह्या एका स्फटिकाच्या ठोक्यावरून आतलं सर्किट तेवढे भरभर ठोके तयार करतं, आणि ते उपग्रहाशी जुळले की मग आपण कुठं आहोत ते निघतं.

मी जरा वेळ विचार केला. म्हटलं, ‘म्हणजे दातेरी चाकंच की. घड्याळात एक चाक भरभर हलतं. त्याला चाकाला चाक लावत सेकंद, मिनिट, तास असं सावकाश करत आपण खाली येतो. तुमच्यात सावकाशाकडनं भरभरीकडं वर जायचं. आणि खालचा ठोका जरा चुकला, तर वरचं सगळं त्याच पटीत चुकणार.’

गिरिजानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाली, ‘आप्पा, हे आम्हाला सहा महिने शिकवलं.’

‘मग?’

‘मग काय. तेव्हा नाही कळलं.’

रफिकभाई मशीनवरनं मान वर न काढता म्हणाले, ‘फीस वापस मांगो, बेटा.’

*

वैरागचे एक धान्याचे व्यापारी आले होते. पांढरं धोतर, वर घामानं भिजलेली टोपी, आणि हातात नवा कोरा फोन. काउंटरला टेकून त्यांनी उलटतपासणीच सुरू केली.

‘मी हितं तुमच्या दुकानात उभा हाय. व्हय का न्हाय?’

‘हो,’ गिरिजा म्हणाली.

‘मग ह्यो मला नाल्यात का दावतोय?’

रफिकभाईंनी समजावलं, ‘काका, छत के नीचे उपग्रह दिखता नै उसकू. बाहर जाके देखो.’

काका बाहेर गेले. निळा ठिपका नाल्यातून निघून रस्त्यावर आला. काका आत आले, ठिपका परत नाल्यात. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी उन्हाला कंटाळून ते उंबऱ्याच्या आतच उभे राहिले आणि नुसता हात बाहेर काढला. ठिपका रस्त्यावर.

‘म्हंजे हात बरोबर जागी हाय, आन् मी नाल्यात.’

गिरिजानं कपाळाला हात लावला. अर्धा तास गेला होता. फोनमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. काकांनी टोपी काढली, घाम पुसला, दुकानाच्या स्लॅबकडं वर बघितलं आणि जाताजाता आम्हालाच सुनावलं, ‘दुकान काढताना जरा इचार करून काढायचं की. वर छत कशाला घातलं?’

*

रफिकभाईंची एक रीत आहे. फोन दुरुस्त झाला की त्यावरून ते आधी आपल्या घरी फोन लावतात. ‘हॅलो, आवाज आ रा क्या?’ भाभी म्हणतात, ‘आ रा.’ झालं, फोन पास. दिवसाला आठ-दहा वेळा. आता तर भाभी हॅलोसुद्धा म्हणत नाहीत. घंटी वाजली की ‘आ रा’ म्हणून ठेवून देतात.

एकदा खरोखर भाभींच्या भावाचा परगावाहून फोन आला. नंबर अनोळखी. बिचारा ‘हॅलो आपा’ म्हणेपर्यंत भाभींनी ‘आ रा’ म्हणून ठेवलासुद्धा. चार वेळा लावला, चार वेळा ‘आ रा’. शेवटी ‘कोण आ रा, ते तरी बघू’ म्हणून तो गाडीत बसून सोलापूरलाच आला.

ह्या रीतीबद्दल मी कधीमधी कुरकुरायचो. घड्याळ दुरुस्त झालं तरी मी कधी लगेच दिलेलं नाही. आठ दिवस खिळ्याला टांगायचं. मग दोन दिवस तबकडी वर, दोन दिवस तबकडी खाली. उन्हाळा असेल तर खिडकीत, मग सावलीत. लंबकाचं घड्याळ वैशाखात मागं पडतं, कारण उन्हानं दांडा वाढतो. हे माणसाला दिसत नाही, घड्याळाला कळतं.

गिरिजा म्हणायची, ‘आप्पा, आठ दिवस फोन ठेवून घेतला तर गिऱ्हाईक पोलिसात जाईल.’

तिचंही खरं होतं. फोन उघडलेला असतानाच माणसं ‘झाला का, झाला का’ करत काउंटरवर बोटं वाजवत उभी असतात. सहा मिनिटांत एक बाई तीनदा विचारतात, आणि मधल्या वेळात माझ्याकडं बघून म्हणतात, ‘आजोबांना सांगा की जरा हात चालवायला.’ मी घड्याळ करत असतो, त्यांचा फोन नव्हे. पण सांगणार कुणाला?

*

माळशिरसकडचा बिराप्पा. मेंढरं घेऊन हिंडणारा माणूस. महिनोन् महिने घराबाहेर, म्हणून पोरांनी त्याच्या फोनवर असं काही करून दिलं की बाप कुठं आहे ते घरी बसून बायकोला दिसावं. घरच्यांना वाटलं, काळजी मिटली.

बिराप्पा आमच्या काउंटरवर फोन ठेवून पायरीवर बसला. म्हणाला, ‘ह्यो फोन मला बसू देईना.’

‘म्हणजे?’

‘मी लिंबाखाली बसलेला असतोय. जागचा हललेलो न्हाय. आन् घरनं फोन येतोय, तुमी वड्याच्या पल्याड कशाला गेला? आत्ता परत आला जणू? परत का गेला?’

‘ओढ्याच्या पलीकडं काय आहे?’ मी विचारलं.

त्यानं मुंडासं सारखं केलं. ‘तितं एक हाटेल हाय. बाई चालवती.’

गिरिजानं फोन तपासला. फोन चांगला होता. झाडाखाली उपग्रह नीट लागत नाहीत, मग ठिपका बसल्या जागी असा इकडंतिकडं फिरतो. तिनं हे सगळं नीट समजावून सांगितलं. बिराप्पानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘ताई, ह्येच कागदावर लिहून द्या. शिक्का मारून.’

नको नको म्हणत तिनं पावतीवर लिहून दिलं : फोनमध्ये दोष नाही. झाडाखाली ठेवल्यास बसल्या जागी हलतो. शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी बायको स्वतः आली. पदरात पावती घडी घालून ठेवलेली. ती काउंटरवर पसरून तिनं बोट ठेवलं आणि गिरिजाला विचारलं, ‘ताई, मला एवढंच सांगा. हलणारा फोन असतोय, का मानूस?’

गिरिजा माझ्याकडं बघायला लागली. मी भिंग डोळ्याला लावलं आणि घड्याळात डोकं घातलं.

*

आता अंबूबाईंचं. ह्यात मला कुणावर वैतागायचा हक्क नाही, तरी आमच्या तिघांवरच जास्त वैताग येतो.

अंबूबाई आमच्या शेजारी राहतात, मध्ये एकच भिंत. घरी सगळे तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. एका ठेकेदाराकडं रस्ता झाडायचं काम करतात. त्यांची हजेरी फोनवर. सकाळी सहाला एकदा आणि भर दुपारी दोनला एकदा, आपल्या नेमलेल्या रस्त्यावर उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा. नकाशानं जागा बरोबर दाखवली तर हजर, नाहीतर गैरहजर.

थंडीत त्यांचा फोन पाण्याच्या बादलीत पडला होता. आम्हीच दुरुस्त केला. भाभी ‘आ रा’ म्हणाल्या, फोन पास झाला. संक्रांत गेली, शिमगा गेला, काही तक्रार नाही. चैत्र लागला आणि अंबूबाई दारात आल्या.

‘गिरिजा, दुपारची हजेरी लागत नाही बघ. ठिकाणाबाहेर म्हणतो. सकाळी लागते.’

गिरिजानं संध्याकाळी फोन दुकानाबाहेर नेऊन बघितला. ठिपका बरोबर जागी. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. सगळं पुसून नव्यानं सेटिंग केलं, रात्रीच्या गारव्यात बघितलं, ठिपका बरोबर जागी. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा रफिकभाई दमले होते. ते म्हणाले, ‘अंबक्का, फोन तो अच्छा है. तुम दुपारकू ठैरते कां, वो बोलो.’

अंबूबाईंनी फोन उचलला. ‘म्हणजे मी खोटं बोलते? झाडू टाकून कुठं जाते मी, सिनेमाला? तीन गैरहजऱ्या झाल्या. चौथी लागली की नाव कापतो म्हणाला मुकादम. अकरा वर्षं झाडते मी तो रस्ता.’

त्या गेल्या. त्या दिवसापासून भिंतीपलीकडनं रोज येणारी ‘आप्पा, चहा झाला का’ ही हाक बंद झाली. मला ती रात्र काही बरी गेली नाही. पहाटे, त्या कामाला निघायच्या आधी, मी त्यांच्या दारात गेलो आणि विचारलं, ‘अंबूबाई, हे दुपारीच होतं का? एकदाही सकाळी नाही?’

‘दुपारीच. ते तर पहिल्या दिवसापासनं सांगते की.’

सांगत होत्या खऱ्या. आम्ही तिघांनी मिळून तीनदा ऐकलं होतं.

त्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि फोन माझ्या हातात दिला. मी गच्चीवर गेलो. नऊला ठिपका आमच्याच गच्चीवर. फोन उन्हात ठेवला, मी छत्री घेऊन शेजारी बसलो. अकरापर्यंत बरोबर. बाराला फोनला हात लावला तर चटका बसला, आणि ठिपका गेला होता पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोबाईलच्या टॉवरपाशी. फोन खाली आणला, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवला. जरा वेळानं परत गच्चीवर नेला, ठिपका घरी. असं चार वेळा केलं. रस्त्यावरून रफिकभाई ओरडले, ‘आप्पा, पापड सुखा रे क्या?’

गिरिजानं फोन उघडला. त्यातला स्फटिकाचा तुकडा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, ‘आप्पा, हा साधा आहे. हा गरम झाला की ठोका चुकतो. इथं दुसरा लागतो, त्याच्यात उन्हाळा सांभाळून घ्यायची सोय असते.’

‘मग बोलणं कसं चालत होतं?’

‘बोलणं टॉवरशी असतं, तो गावातच असतो. फोनचा ठोका चुकला की तो त्याला सारखा सरळ करत राहतो. उपग्रह कुणाला सरळ करत नाही; तो सुटला की फोन टॉवरचीच जागा दाखवतो.’ मग तिनं विचारलं, ‘बादलीत पडला तेव्हा हा तुकडा कुणी शोधून दिला होता?’

रफिकभाई छताकडं बघायला लागले.

‘मी,’ मी म्हटलं. भंगार पाटीवरून मीच काढला होता. आकार तोच, पाय चार, वरचा आकडाही तोच. घड्याळात एवढं जुळलं की चाक बसतं. सगळा जन्म लंबकाला ऊन लागतं म्हणून सांगत आलो, आणि ह्याला विचारायचं माझ्याच लक्षात राहिलं नाही.

गिरिजा म्हणाली, ‘नवा पुण्याहून मागवू. सांगायची काही गरज नाही, आप्पा. फोन नीट झाला की झालं.’

पण नवा यायला आठ दिवस, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्यांचं नाव कापलं जाणार होतं. मी आधी भिंतीपलीकडं जाऊन सगळं सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी एकला त्यांच्याबरोबर रस्त्यावर गेलो. मुकादम मोटारसायकलवर बसून होता. त्याला म्हटलं, ‘चूक आमच्या दुकानाची आहे, माझी आहे. ह्या जागच्या हलत नाहीत. फोनला ऊन लागतं.’

‘फोनला ऊन लागतंय?’ मुकादम म्हणाला.

‘हो. तासभर सावलीत ठेवा, गार झाला की हजेरी लागते. तुम्हीच बघा.’

फोन चिंचेखाली ओल्या फडक्यावर ठेवला. तासाभरानं रस्त्यावर आणून फोटो काढला, हजेरी लागली. मुकादमानं वहीत मागच्या तीन गैरहजऱ्यांपुढं ‘फोन गरम’ असं लिहिलं. मग त्याच्या डोक्यात आलं की ह्या उन्हात कुणाचा फोन कधी फिरेल सांगता येत नाही, आणि वरनं बोलणी त्यालाच बसतील. त्यानं तिथंच हुकूम काढला, रोज एक ते दोन सगळ्या बायांनी आपापले फोन चिंचेखाली गार करायचे. फोन सावलीत आणि बाई रस्त्यावर, तर फोन चोरीला जायचा. म्हणून बायांनीही फोनपाशी बसायचं.

दुकानात येऊन सांगितल्यावर रफिकभाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. पण आठ दिवस भिंतीपलीकडनं चहाची हाक पहिल्यासारखी येत राहिली.

नवा तुकडा आला. रफिकभाईंनी बसवला, आणि ह्या खेपेला घरी फोन लावायच्या आधी स्वतःच गच्चीवर नेऊन ठेवला. दोन दिवस, भर उन्हात; तेवढे दिवस अंबूबाईंनी रजा टाकली. ठिपका हलला नाही. काल संध्याकाळी मी फोन अंबूबाईंना दिला. म्हटलं, ‘आता कसलंही ऊन असू दे.’

आज सगळा दिवस माझं लक्ष घड्याळात नव्हतं. दोन वाजले, अडीच वाजले. पाचच्या सुमाराला अंबूबाई आल्या आणि दुकानाच्या पायरीवर टेकल्या. तोंड उन्हानं काळवंडलेलं, पदर घामानं पाठीला चिकटलेला. गिरिजानं पाण्याचा तांब्या दिला. तो रिकामा होईपर्यंत मी थांबलो.

‘लागली का हजेरी?’

‘लागली की. एका झटक्यात.’

‘मुकादम काय म्हणाला?’

‘खूश झाला. माझा फोन हातात घेऊन सगळ्या बायांना दाखवला. म्हणाला, आप्पांकडं सगळ्यांनी फोन तपासून घ्या. असे फोन उन्हात चालतात म्हणे. उद्यापासनं चिंचेखाली बसायचं बंद.’

तांब्या त्यांनी पायरीवर ठेवला. जरा वेळ माझ्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याकडं बघत राहिल्या. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, ‘आप्पा, तो जुना तुकडा टाकला नाही ना अजून?’